राखणीचा कुत्रा आणि घरातलं कर्तं माणूस

भैरूचं वजन ४८ किलो आहे, माझं ५४. तो रॉटवायलर जातीचा राखणीचा कुत्रा, आणि मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई. पट्ट्याच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी, हे पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "ताई, तुम्हाला आवरतो का हो?" खरं उत्तर असं की आवरत नाही. त्यानं मनावर घेतलं तर तो मला द्राक्षबागेच्या बांधावरून फरफटत नेऊ शकतो, आणि एकदा नेलंही आहे. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

म्हणजे ताकदीचा सवाल पहिल्या वर्षातच निकाली निघाला. तरीही तो माझ्या सांगण्यावरून थांबतो, गेटवर अनोळखी माणूस आला तर मागे येऊन बसतो, तोंडातलं हाड सोडतो. हे कसं होतं ते समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं पहिलं वर्ष चुकीच्या सल्ल्यात गेलं, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच प्राणी येतो, पण माणसानं शेकडो पिढ्या वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे कुत्रे निवडत आणले. लॅब्राडोर हा शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी उचलून आणून हातात देणारा कुत्रा. त्याचं सगळं लक्ष माणसाच्या हाताकडे. बॉर्डर कोली मेंढपाळाच्या शिट्टीवर मेंढ्या वळवतो, त्याचं लक्ष शिट्टीकडे. राखणीच्या कुत्र्याचं काम मात्र माणूस झोपल्यावर सुरू होतं. तुर्कस्तानातला कंगाल, कॉकेशसमधला ओवचार्का, हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचे कुत्रे, आपल्याकडे धनगरांच्या वाड्याभोवती पडलेले कुत्रे, हे सगळे या कामाचे. रात्री दोन वाजता लांडगा कळपाच्या कडेला आला तर "मालक, काय करू?" असं विचारायला जाणारा कुत्रा काय कामाचा? म्हणून जे कुत्रे स्वतः ठरवू शकत होते तेच पिढ्यान्‌पिढ्या ठेवले गेले. आज बंगल्यात असा कुत्रा आणल्यावर आपण तक्रार करतो की हा फार हट्टी आहे, ऐकत नाही. त्याच्या रक्तात ऐकणं कमी आणि ठरवणं जास्त आहे, एवढंच.

रॉटवायलर या रांगेत थोडा बाजूला बसतो. जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून त्याचं नाव पडलं. खाटकांची जनावरं बाजारापर्यंत हाकत न्यायची, त्यांच्या गाड्या ओढायच्या आणि मालाची राखण करायची, असं तिन्ही प्रकारचं काम तो करायचा. रेल्वेनं जनावरं जायला लागल्यावर त्याचं काम गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जात जवळजवळ संपत आली होती. १९१० मध्ये जर्मनीत पोलीस कुत्रा म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि तो वाचला. त्यामुळे तो कंगालपेक्षा माणसाशी जास्त जुळवून घेतो, पण दारात कोण आलं याचा निर्णय आपला आहे, ही समजूत त्याचीही पक्की असते.

राखणीचा कुत्रा म्हणजे रागीट कुत्रा, असा आपल्याकडे ठाम समज आहे. विकणारेही तसंच विकतात. "बाप बघा कसला डेंजर आहे," असं म्हणून पिल्लाची किंमत वाढवतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रे कॉपिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-आशियातले राखणीचे कुत्रे शेतकऱ्यांना देऊन वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. चांगल्या राखणदारात त्यांना तीन गुण दिसले: कळपाजवळ राहणं, कळपाला इजा न करणं आणि संकट आलं की आडवं उभं राहणं. लांडग्याचा पाठलाग करत दोन मैल जाणारा कुत्रा त्यांच्या हिशेबात नापास, कारण मागे कळप उघडा पडतो. भुंकून, मध्ये उभं राहून, येणाऱ्याचा बेत मोडणं हेच खरं काम, मारामारी अगदी शेवटी. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळ मिडल आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे चालत जायचे. एके काळी शेकडो असलेले छोटे पेंग्विन २००५ पर्यंत दहाच्याही खाली आले. २००६ पासून तिथे मरेमा या इटलीतल्या राखणीच्या जातीचे कुत्रे ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. कुत्र्यांच्या नुसत्या वासानं आणि भुंकण्यानं कोल्हे यायचे थांबले. आणि ज्यांची राखण करायची ते पेंग्विन हातभर उंचीचे, एका घासाचे! मला ही गोष्ट फार आवडते. भैरूला भेटायला येणाऱ्यांना मी ती सांगते, त्यांना ती ऐकायची असो वा नसो.

आता त्या पहिल्या वर्षाबद्दल.

भैरू दहा महिन्यांचा झाला आणि द्राक्षतोडणीचा हंगाम आला. रोज सकाळी पंधरा-वीस माणसं मळ्यात यायची, क्रेट उतरायचे, ट्रक लागायचे. भैरूनं गेटवर थैमान घातलं. मग शहरातून एक प्रशिक्षक बोलावले. त्यांनी गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि सांगितलं, "ताई, याला कळलं पाहिजे की बॉस कोण आहे. गुरगुरला की आडवा पाडायचा, मान दाबून धरायची, नजर काढायची नाही. लांडग्यांच्या टोळीत असंच असतं."

मी तसं केलं. हाडाजवळ गेले, तो गुरगुरला, नवऱ्यानं आणि मी मिळून त्याला पाडला. पहिल्यांदा झटापट झाली. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर त्यानं गुरगुरणंच सोडलं. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी माझा भाचा त्याच्या भांड्याजवळची चप्पल उचलायला वाकला आणि भैरूनं काडीचाही आवाज न करता झडप घातली. शर्टाची बाही टराटरा फाटली. कातडीला दात लागले नाहीत ते नशीब. भाच्यापेक्षा जास्त घाबरलेला भैरूच होता. पलंगाखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

त्या संध्याकाळी मला कळलं की आम्ही राग काढून टाकला नव्हता, फक्त सूचना काढून टाकली होती. नाग फुसकारतो म्हणून आपल्याला पाय मागे घ्यायला वेळ मिळतो. गुरगुरणं म्हणजे तो फुसकारा. ते ऐकू आलं तर कुत्र्याला शाबासकी द्यायची गरज नाही, पण शिक्षा तर मुळीच नाही. तिथून शांतपणे दूर व्हायचं आणि मग डोकं लावायचं, की हा आत्ता कशाला अडला होता.

लांडग्यांच्या टोळीची गोष्ट कुठून आली तेही सांगायला हवं, कारण ती अजून प्रत्येक कट्ट्यावर सांगितली जाते. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास छापला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले होते, आणि ते जागेसाठी, जोडीदारासाठी सतत भांडत. त्यावरून टोळीचा एक दादा असतो आणि तो सगळ्यांना दाबून ठेवतो ही कल्पना रुजली. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती घरोघरी नेली. पुढे हेच मेक कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं फिरले आणि त्यांना दिसलं की लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि एक-दोन वर्षांची पोरं. आईबाप पुढे चालतात कारण ते आईबाप आहेत, कुस्ती जिंकली म्हणून नव्हे. १९९९ मध्ये मेक यांनी तसा शोधनिबंध लिहिला आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. आपली चूक इतक्या स्वच्छपणे मान्य करणारा माणूस विरळा. पण कट्ट्यावर अजून पहिलंच पुस्तक चालू आहे. शिवाय कुत्रा म्हणजे काही लांडगा नाही. हजारो वर्षं तो आपल्या उकिरड्यावर आणि ओसरीवर वाढला आहे.

जोर लावल्यानं काय होतं याची एक मोजदादही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं छापली. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांना कुत्रा उलटून आक्रमक झाल्याचा अनुभव आला होता. आडवं पाडून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना, आणि नुसतं डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना. छोटासा पॉमेरेनियन उलटला तर आयोडीन लावून भागतं. ४८ किलोचा उलटला तर टाके पडतात.

मग धाक नाही, मार नाही, तर हा ऐकणार कसा?

याचं उत्तर मला कुठल्या वर्गात मिळालं नाही. आमच्या शेजारच्या रानात दरवर्षी कांदा निघाल्यावर धनगरांच्या मेंढ्या बसतात, खतासाठी. त्या वर्षी मी रात्री भैरूला घेऊन बांधापर्यंत जायची आणि लांबून त्यांचा वाडा बघायची. मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत, कोकरं पालाजवळ, आणि बाहेर दोन कुत्रे. एका रात्री त्यातला करडा कुत्रा उसाच्या दिशेनं भुंकायला लागला. म्हातारे धनगर मामा उठले. ओरडले नाहीत, दगड उचलला नाही, "गप्प" म्हणाले नाहीत. घोंगडी खांद्यावर टाकली, खोकले, काठी टेकत कुत्र्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कुत्रा ज्या दिशेला बघत होता त्याच दिशेला बॅटरी टाकून बघत राहिले. मिनिटभरानं "हां" म्हणाले आणि परत येऊन आडवे झाले. कुत्रा आणखी दोनदा भुंकला आणि बसला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्ही त्याला गप्प का नाही केलं? मामा म्हणाले, "तो सांगतोय आन् मी ऐकलं न्हाई, तर त्यो मोठ्यानं सांगंल. बघून आलो, की त्याचं काम झालं."

यात सगळं आलं. राखणीचा कुत्रा भुंकतो तेव्हा तो खबर देत असतो. आपण खुर्चीत बसून "ए गप!" म्हणून ओरडतो, तेव्हा त्याच्या कानाला दोन गोष्टी ऐकू येतात: एक, हेही भुंकतायत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, दोन, उठून कोणी गेलेलं नाही, म्हणजे मलाच निस्तरावं लागणार. आपल्या घरांतही असंच असतं. दाराची कडी वाजली की घरातलं कर्तं माणूस "बघते मी" म्हणून उठतं आणि बाकीचे आपापल्या कामाला लागतात. कर्ता म्हणजे घरात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा नव्हे. तो असला की बाकीच्यांना काळजी करावी लागत नाही. इंग्रजी-हिंदी व्हिडिओंमध्ये ज्याला लीडरशिप म्हणतात, त्याला मराठीत मी मालकी म्हणणार नाही, कर्तेपण म्हणेन.

हे "बघते मी" भैरूला शिकवायला अडीच महिने लागले. कसं, ते जरा सविस्तर सांगते.

आधी कुत्र्याचा हिशेब समजून घ्या. जे केल्यावर फायदा झाला ते तो पुन्हा करतो, बस्स. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. तो जाणारच होता. पण कुत्र्याच्या खात्यात जमा होतं की मी भुंकलो आणि तो पळाला. वर्षभरात असे तीनशे विजय झाले की त्याला कोण थांबवणार?

म्हणून सुरुवात माणसापासून नाही, कडीपासून केली. ओसरीच्या कोपऱ्यात एक गोणपाट दुमडून ठेवलं. मुलगा गेटपाशी उभा राहायचा आणि कडी हळूच, अगदी हळूच वाजवायचा. कोणी आत यायचं नाही. कडी वाजली की मी गोणपाटावर उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायची. बोटाच्या पेराएवढा, मोठा नाही. दिवसातून दोनदा, दर वेळी दहा कड्या, पाच मिनिटांत काम संपलं. सहाव्या दिवशी कडी वाजली आणि भैरूनं गेटकडे न बघता गोणपाटाकडे पाहिलं. मी त्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं, कोणाला काही कळलं नाही.

मग कडी जोरात. मग कडी आणि "बघते मी", आणि मी उठून गेटपर्यंत जाऊन परत येणार; तोवर तो गोणपाटावर. इथे घाई करू नका. आधी दोन पावलं जाऊन परत यायचं, मग चार. मग ओळखीचा माणूस, गेटच्या बाहेर, लांब. मग अनोळखी. मधे दोनदा सगळं फिसकटलं, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो. धीर म्हणजे काय, तर मागे जाताना कपाळाला आठी न पडणं. मला ते जमायला भैरूपेक्षा जास्त वेळ लागला.

बक्षिसाचा तुकडा कसा दिला यापेक्षा कधी दिला हे महत्त्वाचं. कुत्र्याला कार्य आणि कारण यांची सांगड एक-दोन सेकंदांत घालता येते. तो गोणपाटावर बसला, तुम्ही फ्रिज उघडायला गेलात, तोवर तो उठला आणि मग तुकडा मिळाला, तर तुम्ही त्याला उठायला शिकवलंत. म्हणून तुकडे खिशात. दोन वर्षं माझ्या सगळ्या कुर्त्यांच्या खिशांना चिकनचा वास होता.

अंतराचंही तसंच. प्रत्येक कुत्र्याला एक हद्द असते. अनोळखी माणूस चाळीस फुटांवर असेल तर तो बघतो, कान टवकारतो, पण तुमच्या हातातलं खातो. वीस फुटांवर आला की शरीर ताठ होतं, तोंड मिटतं, वजन पुढच्या पायांवर जातं आणि तुकडा नाकासमोर धरला तरी दिसत नाही. तिथे शिकवणं संपलं. आता फक्त गुपचूप मागे वळायचं आणि अंतर वाढवायचं. बहुतेक लोक नेमके इथे "बस! बस! बस!" म्हणत पट्टा खेचतात. पट्टा ताणला की मान आणि छाती वर उचलली जाते, समोरच्याला कुत्रा अंगावर चालून येतोय असं दिसतं, आणि कुत्र्यालाही कळतं की दुसऱ्या टोकाचं माणूस घाबरलं आहे.

आणि हे सगळं साठत जातं. दूध तापत ठेवल्यासारखं असतं ते. सकाळी फटाका वाजला, दुपारी भटक्या कुत्र्यांशी कुंपणातून भांडण झालं, संध्याकाळी लाइट गेली, पाहुणे आले. एकेका गोष्टीनं काही झालं नसतं, पण रात्री आठ वाजता कोणीतरी चमचा पाडतो आणि दूध उतू जातं. उतू जाणाऱ्या दुधावर ओरडून उपयोग नाही, गॅस बंद करावा लागतो. अशा दिवशी शिकवणं रद्द करा, कुत्र्याला मागच्या खोलीत चघळायला काहीतरी द्या आणि झोपू द्या.

तुमच्या शांततेचा त्याच्यावर खरंच परिणाम होतो का, की हे आपलं पुस्तकी? स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात २०१९ मध्ये ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल मोजलं. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हे संप्रेरक केसांत महिनोन्‌महिने साठलेलं सापडतं. मालकिणीचं जास्त असलं तर कुत्र्याचंही जास्त आढळलं. हे मेंढ्या हाकणाऱ्या दोन जातींत दिसलं. नंतर स्वतंत्र वृत्तीच्या काही जातींत तपासलं तेव्हा तसं दिसलं नाही. म्हणून मी असं म्हणणार नाही की तुम्ही ध्यान केलंत की तुमचा कंगाल सुधारेल. पण प्रत्यक्ष प्रसंगात तुमचा श्वास, खांदे, आवाजाची पट्टी आणि पट्ट्यावरचा हात तो वाचतो, हे मी रोज बघते. हळू बोलायला लागले तेव्हा तो कान देऊ लागला.

आता पिल्लू आणण्याच्या विचारात असलेल्यांसाठी थोडं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्याचं दार उघडं असतं. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या जगात मावतं. नंतर भेटणारं नवीन ते संशयित. राखणीच्या जातीत हे दार बंद होण्याची फार किंमत मोजावी लागते, कारण त्यांचा स्वभावच संशयावर बेतलेला. अडचण अशी की नेमक्या याच काळात लसींचा कोर्स पूर्ण झालेला नसतो आणि डॉक्टर बाहेर सोडू नका म्हणतात. मग कडेवर घेऊन फिरा. एसटी स्टँड, भाजीबाजार, बुलेटचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, लुगड्यातली आजी, काठी, रेनकोट, रडणारं बाळ, सगळं कडेवरून दाखवा. जमिनीवर न ठेवता. भैरूच्या वेळी आम्ही घाबरून त्याला तीन महिने अंगणाबाहेर काढलं नाही. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

आठव्या महिन्याच्या सुमाराला दुसरी परीक्षा येते. काल "बस" म्हटल्यावर बसणारा आज तुमच्याकडे बघून जांभई देतो. न्यूकासल विद्यापीठाच्या लुसी अॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की आठ महिन्यांचे कुत्रे स्वतःच्या माणसाचं "बस" ऐकायला पाच महिन्यांच्या वयापेक्षा जास्त टाळाटाळ करतात, पण अनोळखी माणसाचं ऐकतात. ज्यांच्या घरात दहावीचं मूल आहे त्यांना आणखी काही समजावून सांगायला नको. गंमत म्हणजे ते कुत्रे लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकराचे होते, म्हणजे एरवी जगातले सगळ्यात गुणी. मोठ्या जाती तर दीड-दोन वर्षांपर्यंत पोरवयातच असतात. नेमक्या याच काळात लोक दांडका उचलतात किंवा कुत्रा साखळीला बांधून मोकळे होतात.

बांधलेल्या राखणदाराबद्दल मी कडक आहे. चोवीस तास साखळीला असलेल्या कुत्र्याला पळायची सोय नसते, जवळ जाऊन वास घेऊन खात्री करायची सोय नसते. उरतं काय, तर दात. शेतावर असा कुत्रा चोराला घाबरवतो हे खरं, पण साखळी तुटते त्या दिवशी चोर क्वचित समोर असतो. बहुतेक वेळा शेजाऱ्याचं मूल असतं.

अचानक वागणूक बदलली, तर शिकवण्याच्या आधी पशुवैद्याकडे जा. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याची दुखणी सर्रास असतात, कान दुखतात, दात दुखतात. दुखऱ्या जागी हात लागला आणि तो खेकसला, तर ती बंडखोरी नव्हे.

आणि मुसकं शिकवा. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसंच जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आम्ही मुसक्याच्या तळाला दही लावून ठेवायचो, भैरू स्वतः तोंड घालायचा. आता दवाखान्यात जाताना मुसकं खुंटीवरून काढलं की शेपूट हलवतो. त्याला वाटतं दही आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्यात रॉटवायलर, केन कोर्सो, कंगाल, कॉकेशियन शेफर्ड सगळे होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. जातीचं काही होवो, तुमची जबाबदारी कुठे जात नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मला विचाराल तर बहुतेक लोकांनी हा कुत्रा घेऊच नये. दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत, दिवसभर दोघंही ऑफिसात, लिफ्टमध्ये रोज चाळीस अनोळखी माणसं. तिथे त्याच्या डोक्यातलं राखणीचं काम कधी संपतच नाही. एखादा गावठी कुत्रा घ्या, तो तुमच्यापेक्षा हुशार निघेल.

भांड्याजवळचं प्रकरण मिटायला चार महिने लागले. तो खात असताना मी दहा फुटांवरून जायची, त्याच्या भांड्याकडे अंड्याचा तुकडा फेकायची आणि निघून जायची. थांबायचं नाही, वाकायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. दर आठवड्याला फूटभर जवळ. शेवटी मी आले की तो भांड्यातून डोकं वर काढून वाट बघायला लागला: बाईनं आज काय आणलंय? भाचा गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानंच तुकडे फेकले, आधी कुंपणाबाहेरून.

छत्रीचं मात्र अजून जमलेलं नाही. बंद छत्री चालते, अर्धी उघडलेली चालते, पण खटका दाबून फट्‌ करून उघडली की भैरू अंगणभर भुंकत फिरतो. सध्या मुलगा विहिरीपलीकडे उभा राहून छत्री उघडतो आणि मी इकडे चिकन टाकते. मृग लागायला तीन आठवडे आहेत.